लक

जोडबसवण्णा चौकाच्या मागं, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मंगळवारी आणि शुक्रवारी मी इंग्रजी शिकवतो.
बायका सूप घेऊनच येतात.
कान माझ्याकडं, बोटं पानाकडं;
धडा संपेतो प्रत्येकीच्या सुपात
चार कट्टे दोऱ्यानं बांधून तयार असतात,
आणि माझ्या खडूला तंबाखूचा वास.

परवा फळ्यावर लिहिलं: लक.
"हे काय शिकवालाव ओ सर," लच्चव्वा म्हणाली,
"हे तर येतंय की आमाला."

येत होतंच.
साडीच्या दुकानात चिठ्ठी निघून कुकर लागला, ते लक.
गड्ड्याच्या जत्रेत धाकटी जाऊ हरवली
आणि पाळण्याखाली शेंगा खात बसलेली सापडली,
तेही.
अंबुबाईच्या नवऱ्याच्या मागावरून धोटा उडाला,
त्याच्या कानाला वारा देऊन गेला: गुडलक.
पुढं शेजारच्या मागावरल्या पोराचा डोळा घेतला: बॅडलक.
धोटा एकच होता, सागवानी,
टोकाला लोखंड बसवलेला.

तेलुगूत काय म्हणता, मी विचारलं.
अदृष्टम.
कोपऱ्यातून गौराक्का म्हणाली, कन्नडमध्येही तेच, शेपटी तोडून.
न दिसलेलं.
मी मराठी सांगितलं: नशीब, आणि नशीब म्हणजे
मुळात वाटा. वाटून दिलेला हिस्सा.
कुणी वाटला, हे त्या शब्दातून गळून गेलंय.
रात्री घरी कोश उघडून बघितला, सवय म्हणून.
आपल्या भाषेत लक राहतं त्या गल्लीत
एका बाजूला लकडा,
दोन घरं सोडून लकवा,
आणि टोकाला, दिवा लावून बसलेली, लकाकी.

शुक्रवारी वाक्यात उपयोग.
नागमणी उभी राहिली, सूप कडेला धरून:
"आज माझं लक खराब. पानं फाटकी निघाली."
निघाली?
कुठून निघाली?
"कारखान्यातनं."
कुणी दिली?
"तोलून दिली की."
कुणी तोलली, नागमणी?
ती माझ्याकडं बघत राहिली,
जसं मी तिला भर वर्गात नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं होतं.
मग हळूच: "मुकादमानं."

हजार बिड्या मोजून द्यायच्या.
पानं मात्र ओली, काळी, भोकाची,
आणि तराजूच्या दांडीवर एक अंगठा.
वीस वर्षं व्याकरण शिकवतोय मी,
कर्ता लपवायची ही युक्ती
माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती:
माणसानं उठून जायचं,
आणि रिकाम्या खुर्चीवर हा चार अक्षरी इंग्रज बसवायचा,
जो काही विचारलं तरी हसतच राहतो.

मला तरी कुठं ठाऊक होतं.
मिलचा भोंगा थांबला त्या साली
बापानं डब्याची पिशवी खुंटीला अडकवली,
म्हणाला, आपलं कपाळच.
आईनं मान हलवली, मीही हलवली.
पिशवी बरीच वर्षं तिथंच होती, आत झाकण उलटं ठेवलेला डबा.
यंत्रं कुणी विकली, जागा कुणी घेतली,
सह्या कुणाच्या होत्या,
आमच्या घरात कुणी विचारलं नाही.
कपाळाला कोण विचारणार?

"सर, याचं अनेकवचन?"
नागमणीच. अजून उभी होती.
मी मास्तर झालो परत:
अनेकवचन नाही त्याला.
लक मोजता येत नाही.

खाली गिरणीचा पट्टा थांबला,
पीठ बसत गेलं सगळीकडं.
तिनं कट्ट्याचा दोरा दातानं तोडला.
"मोजता येत नाही म्हणता,
मग दर शनिवारी आमच्या सुपात
ते बरोबर तेवढंच कमी
कसं काय पडतंय?"